बेसूर गाण्याची सोय

कोकिळेला आपण मराठी माणसांनी फारच डोक्यावर चढवून ठेवलं आहे. मुलगी बरी गायली की ती कोकीळकंठी. तीच पुढे नावारूपाला आली की गानकोकिळा. फाल्गुन-चैत्रात आंब्याच्या झाडातून एक ‘कुऽहू’ आली की चांगली शहाणीसुरती माणसं हातातला चहा तसाच ठेवून वर बघायला लागतात. बघून उपयोग नसतो, कारण ती दिसत नाही. आणि दिसलीच तर ती ‘ती’ नसते. गाणारा असतो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी अंगभर ठिपके घेऊन ‘किक् किक्’ करत असते, आणि त्याला तिचे आईवडीलसुद्धा गाणं म्हणणार नाहीत. आईवडील कोण, हा प्रश्न वेगळा.

एवढं आपण शाळेत शिकतो आणि सोडून देतो. खरी गोम पुढेच आहे. त्या ‘कुहू’मागे शिक्षण शून्य! कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळिणीच्या चोचीतले घास खातं, दिवसभर कावकाव ऐकतं, आणि मोठं झाल्यावर कुणी न शिकवता ‘कुहू’ करतं. गाणं ते जन्मतःच घेऊन आलेलं असतं. तालीम नाही, रियाज नाही, चुकण्याचीही भीती नाही. आयुष्यभर तेच एक गाणं, आणि कौतुक मात्र गावभर.

याउलट कावळा. प्राणिशास्त्रज्ञांच्या वर्गवारीत गाणाऱ्या पक्ष्यांचा एक मोठा उपगण आहे, सुमारे पाच हजार जातींचा. चिमणी, बुलबुल, दयाळ, चंडोल, सुगरण सगळे त्यात येतात. कावळाही येतो. त्याचा गळा, त्याचा मेंदू सगळा गवयांच्या घराण्यातला आहे. कोकीळ मात्र त्या घराण्याची नाही. निसर्गाने भरवलेल्या संगीतसभेत कावळ्याला पहिल्या रांगेचा पास आहे आणि कोकिळेला दारावर अडवतील, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. का बरं वाटलं, ते माझा आवाज ऐकलेल्यांना सांगायला नको.

आवाज ऐकून शिकणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे. कुत्रा भुंकायला शिकत नाही, गाय हंबरायला शिकत नाही; त्यांना ते येतंच. आपले जवळचे नातलग असलेले चिंपांझीसुद्धा दुसऱ्याचे आवाज ऐकून नवे आवाज उचलण्यात कच्चे. पक्ष्यांत ही विद्या गाणारे पक्षी, पोपट आणि गुंजनपक्षी यांच्याकडे आहे. सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे, डॉल्फिन, काही वटवाघळं, हत्ती, सील अशी मोजकी मंडळी. या यादीत आपण वटवाघळांशेजारी बसतो, याचं वाईट वाटून घेऊ नये.

पक्षी गाणं शिकतात हे सिद्ध करायला पहिल्यांदा नेटाने बसला तो एक इंग्रज न्यायाधीश. डेन्स बॅरिंग्टन त्याचं नाव. लिनेट नावाच्या पक्ष्याची पिल्लं त्याने घरट्यातून काढून चंडोलाजवळ वाढवली. पिल्लं मोठी झाली ती चंडोलाचं गाणं घेऊनच. हे त्याने 1773 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढे शंभर वर्षांनी, 1871 साली, डार्विनने लिहिलं की पक्ष्याच्या पिल्लाचे पहिले सूर आणि तान्ह्या बाळाची बडबड यांची तुलना करता येईल. मोठी माणसं मोठ्या गोष्टी अशा सहज बोलून जातात आणि मागच्यांना दीडशे वर्षं कामाला लावतात.

अडचण अशी होती की गाणं हवेत विरतं. आज चिमुकल्याने कसं गायलं आणि काल कसं गायलं होतं, याचा हिशेब कसा ठेवायचा? ही अडचण सोडवली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या एका यंत्राने. माणसाच्या बोलण्याचं कागदावर चित्र उमटवणारं ते यंत्र. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात ते पक्ष्यांपुढे लावलं आणि चॅफिंच पक्ष्याचं गाणं पहिल्यांदा डोळ्यांनी वाचलं. माणसाच्या हातून भरवलेली, मोठ्या पक्ष्याचं गाणं कधीच न ऐकलेली पिल्लं गायची, पण ते गाणं ओबडधोबड असायचं. लांबी साधारण ठीक, शेवटची लकेर गायब. थॉर्पांचे शिष्य पीटर मार्लर पुढे अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या शेंडीच्या चिमण्यांची बोली दर काही मैलांवर बदलते, हे त्यांनी दाखवलं. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपल्याला ठाऊक होतंच. ते चिमण्यांनाही लागू आहे, एवढं नवीन कळलं.

आज या विषयातला सगळ्यात अभ्यासू विद्यार्थी म्हणजे झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला, आपल्याकडे पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्या दुकानांत सहज दिसणारा. वजन बारा ग्रॅमच्या आसपास, चोच नारिंगी-लाल, नराच्या गालांवर गेरूचा ठिपका. गातो फक्त नर. आणि गातो किती? अर्धा ते एक सेकंद! आधी दोन-चार वेळा घसा साफ केल्यासारखे ‘टिक टिक’, मग ठरलेले पाच-सहा सूर ठरलेल्या क्रमाने, आणि पुन्हा तेच. एवढ्याशा गाण्यासाठी त्याला तीन महिने तालीम लागते. आमचे एक गायनप्रेमी स्नेही म्हणाले, ‘‘तीन महिन्यांत एक सेकंद? मग बरोबर चाललंय. आमचे गुरुजी षड्जालाच वर्ष लावायचे.’’

पिल्लू विसाव्या दिवसाच्या सुमारास घरट्याबाहेर येतं. पंचविसाव्या दिवसापासून त्याचा कान उघडतो. उघडतो म्हणजे ऐकू आधीही येत असतं, आता ते मनात साठायला लागतं. बहुतेकदा वडलांचं गाणं, ते नसतील तर जो जवळ घेईल त्याचं. इथे एक गोष्ट आपल्या सह्याद्रीशी जोडलेली आहे. कोकणात आणि घाटात दिसणारी पांढऱ्या पाठीची मुनिया जपानमध्ये अडीचशे वर्षं पिंजऱ्यात पाळली गेली. तिच्या पाळीव वंशाला आज बेंगॉलीज फिंच म्हणतात. जर्मनीच्या क्लाउस इमेलमान यांनी झेब्रा फिंचची अंडी या मुनियांच्या घरट्यांत ठेवली. पिल्लं झाली झेब्रा फिंचची आणि गाणं घेतलं पोसणाऱ्या मुनियेचं. कोकिळेच्या पिल्लाने कावळ्याचं काहीच घेतलं नव्हतं. या पिल्लांनी सगळं घेतलं. मला विचाराल तर संस्कार या गोष्टीवर यापेक्षा चांगलं व्याख्यान मी ऐकलेलं नाही, आणि आमच्याकडे वसंत व्याख्यानमाला दरवर्षी होते.

गुरू समोर लागतो, हेही दिसून आलं आहे. नुसती ध्वनिफीत लावून ठेवली तर पिल्लू नीट शिकत नाही. ध्वनिफीत ऐकायला पिल्लाने स्वतः चोचीने कळ दाबायची अशी सोय केली तर मात्र शिकतं. न्यूयॉर्कमध्ये ओफर चेर्निकोव्स्की, पार्थ मित्र आणि मंडळींनी 1999 साली हेच करून पाहिलं. दिवसभरात चाळीस वेळा गाणं, सगळं मिळून अर्धं मिनिट, एवढ्यावर पिल्लांनी गाणं बऱ्यापैकी पूर्ण उचललं. त्याहून जास्त ऐकवलं तर नक्कल बिघडत गेली! ज्या पालकांनी मुलाला सकाळी एक क्लास, दुपारी एक क्लास आणि शनिवारी क्लासचा क्लास लावला आहे, त्यांनी हा निष्कर्ष कापून फ्रिजवर लावायला हरकत नाही. लावणार नाहीत, हे मला माहीत आहे.

पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास मग पिल्लू तोंड उघडतं. ते दृश्य एकदा बघावं. दांडीवर अंग फुगवून बसलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, चोच जेमतेम हलते आहे, आणि आतून एक अस्पष्ट पुटपुट चालली आहे. सूर वर जातो, मध्येच खाली येतो, थांबतो, पुन्हा भलत्याच ठिकाणाहून उठतो. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा येत नाही. वडलांच्या गाण्याशी त्याचं काहीही नातं दिसत नाही. कुणाला उद्देशून ते गात नसतं. अधूनमधून तर त्याला डुलकी लागल्यासारखं दिसतं. आणि असं ते दिवसातून हजारो वेळा करतं.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी गाणं शिकते. प्रारंभिकच्या परीक्षेची तयारी चालू होती तेव्हा ती रोज संध्याकाळी भूप म्हणायची. भूपात मध्यम नसतो. तिच्या भूपात तो रोज न चुकता यायचा. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी तरुणपणी एक वर्ष पेटी शिकली होती आणि त्या एका वर्षावर उरलेलं आयुष्य काढलं, ते मला जिन्यात गाठून म्हणाले,

‘‘अहो, भूपात मध्यम वर्ज्य ना?’’

‘‘वर्ज्य.’’

‘‘मग ही रोज लावते ते काय?’’

‘‘शोधतेय ती, काका.’’

‘‘शोधू दे की. पण मनातल्या मनात शोधावं माणसानं. सगळ्या बिल्डिंगला कशाला सोबत?’’

काकांची सूचना वरवर व्यवहार्य वाटते, पण ती चालत नाही, आणि याचा पुरावा 1965 सालापासून उपलब्ध आहे. मासाकाझू कोनिशी या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने पांढऱ्या शेंडीच्या चिमण्यांची पिल्लं घेतली. त्यांनी गुरूचं गाणं पोटभर ऐकलेलं होतं, म्हणजे ते मनात बसलं होतं. पण स्वतः गायला सुरुवात करण्याआधीच त्यांना बहिरं करण्यात आलं. (प्रयोग क्रूर आहे, आणि तो वाचताना मलाही कसंसंच झालं.) ती पिल्लं गायली, पण मनातलं गाणं गळ्यात कधीच उतरलं नाही. गाणं पाठ असून उपयोग नाही. आपला आवाज आपल्याला ऐकू यावा लागतो, तो त्या मनातल्या गाण्याशी ताडून बघावा लागतो, आणि जुळला नाही की पुन्हा गावं लागतं. मनातल्या मनात मध्यम सुटत नाही. तो मोठ्याने लावून, ऐकून, मगच सोडावा लागतो.

आता या सगळ्याची मेंदूत व्यवस्था कशी आहे, ते बघण्यासारखं आहे. फर्नांडो नॉटेबोम हे अर्जेंटिनात जन्मलेले शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅनरी पक्ष्यांवर काम करत होते. 1976 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाण्यासाठीच राखून ठेवलेली मेंदूतली केंद्रं शोधून काढली. मुख्य रस्ता सरळ आहे. एचव्हीसी नावाचं एक केंद्र, तिथून आरए नावाच्या केंद्राकडे, तिथून खाली गळ्याच्या स्नायूंकडे. पक्ष्याचा गळा म्हणजे आपल्यासारखी कंठातली स्वरपेटी नव्हे. श्वासनलिका छातीत जिथे दुभंगते तिथे ती असते, आणि तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. म्हणजे गवई एक, पेट्या दोन.

एचव्हीसीचं काम तालाचं. इथल्या, आरएकडे निरोप पाठवणाऱ्या पेशी विलक्षण काटकसरी असतात. 2002 साली रिचर्ड हानलोझर, अलेक्सी कोझेव्हनिकोव्ह आणि मायकेल फी यांना दिसलं की गाण्याच्या एका आवर्तनात अशी पेशी एकदाच बोलते, तेही सहा-दहा मिलिसेकंद, आणि मग पुढच्या आवर्तनापर्यंत गप्प. पुढची पेशी पुढच्या क्षणाला. अशा एकामागून एक. संपूर्ण मैफलीत आपल्या जागेवर एकच ‘धा’ वाजवायचा आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून बसायचं. सहनशील तबलजीलाही हे जमणार नाही. पुढे मायकेल लाँग आणि फी यांनी जागेपणी गाणाऱ्या पक्ष्याचं एचव्हीसी थोडं थंड केलं. गाणं सुरात राहिलं, पण लय विलंबित झाली! आरए थंड करून लयीला फरक पडला नाही. लय एका घरात आणि सूर दुसऱ्या घरात राहतात, हे इतक्या सरळपणे यापूर्वी कुणी दाखवलं नव्हतं.

पण मला ज्या केंद्रासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते वेगळंच आहे. मुख्य रस्त्याला एक आडवाट आहे. ती मेंदूच्या खोल भागातून वळसा घेऊन येते आणि एलमॅन नावाच्या छोट्या केंद्रातून पुन्हा आरएपाशी मिळते. मोठा पक्षी गातो तेव्हा ही आडवाट नेमकं काय करते, ते बराच काळ कळेना. 1984 साली सारा बॉटजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलमॅन निकामी करून पाहिलं. मोठ्या पक्ष्यात काहीच झालं नाही; तो पूर्वीसारखाच गायला. पिल्लात मात्र अनर्थ झाला. त्याचं गाणं अवेळीच ठाम झालं. चुका थांबल्या, चाचपडणं थांबलं, आणि एक गरीब, अपुरं गाणं कायमचं पक्कं होऊन बसलं.

2008 साली दिमित्री एरोनोव्ह, अरोन अँडलमन आणि फी यांनी पुढचा धागा पकडला. पिल्लाचं एचव्हीसी बंद केलं, तरी त्याची पुटपुट चालूच राहिली. एलमॅन बंद केलं आणि पुटपुट थांबली. म्हणजे ती पुटपुट हे कच्चं, अर्धवट गाणं नव्हतंच. तिचा कारखाना वेगळा होता. आणि आणखी एक. तयार झालेल्या मोठ्या गवयाचं एचव्हीसी काढून टाकलं, तर तो मुका झाला नाही. तो पिल्लासारखा पुटपुटायला लागला. इतकी वर्षं नीट गाऊनही बेसूर गाण्याची शाखा आत शाबूत होती, फक्त तिच्याकडे कुणी काम देत नव्हतं.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपण चुकीला माफ करतो. गुरुजी माफ करतात, आई माफ करते, शेजारी नाइलाजाने माफ करतात. निसर्गाने माफीबिफीची भाषाच केलेली नाही. बारा ग्रॅमच्या पक्ष्याच्या डोक्यात जागा किती महाग असेल! त्या जागेतून त्याने एक कोपरा बेसूर गाण्यासाठी कायमचा राखून ठेवला आहे. चाचपडायचं नसेल तर शिकताच येत नाही, म्हणून चाचपडण्याचं खातं स्वतंत्र, त्याला माणसं स्वतंत्र. आणि ज्या पिल्लाचं ते खातं लवकर बंद पाडलं, ते पिल्लू चुकायचं थांबलं खरं, पण शिकायचंही थांबलं.

हिशेब ठेवणारंही कुणी आहे बरं का. 2016 साली कॉर्नेल विद्यापीठात विक्रम गदगकर, जेसी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी गाणाऱ्या पक्ष्याला फसवलं. तो एक ठरावीक सूर लावताना मध्येच त्याच्या कानावर बिघडलेला आवाज सोडला, म्हणजे त्याला वाटावं, आपलंच चुकलं. मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी लगेच मंदावल्या. पुढच्या वेळी तो चुकण्याची भीती असलेल्या जागी आला आणि आवाज बिघडला नाही. तेव्हा त्याच पेशी उसळल्या. लक्षात घ्या, कुणी दाणा दिलेला नाही, कुणी टाळी वाजवलेली नाही. पक्ष्याच्या आतच एक परीक्षक बसलेला आहे, आणि तो सूर लागला का एवढंच बघत नाही. अपेक्षेपेक्षा बरा लागला का, ते बघतो. माणसांच्या परीक्षकांनी हे शिकून घ्यायला हवं.

रात्री पिल्लू झोपतं तेव्हाही तालीम थांबत नाही. आमिश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांना 2000 साली दिसलं की झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूत गाण्याचे तेच ठोके अधूनमधून वाजत राहतात. गळा गप्प, मेंदू गातोय. गंमत पुढे आहे. 2005 साली आढळलं की सकाळी उठल्यावर पिल्लाचं गाणं आदल्या संध्याकाळपेक्षा बिघडलेलं असतं. दुपारपर्यंत सावरतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा बिघडतं. आणि ज्या पिल्लांचं रोज सकाळी जास्त बिघडायचं, तीच शेवटी जास्त चांगली गायला लागली. ‘‘काल तर येत होतं, आज काय झालं तुला?’’ हा जो प्रश्न घराघरात विचारला जातो, त्याचं उत्तर असं आहे. काही झालेलं नाही. शिक्षण चालू आहे.

मादी गात नाही, म्हणून तिचा यात काही संबंध नाही असं समजू नका. 2019 साली समांथा कॅरूसो-पेक आणि मायकेल गोल्डस्टीन यांनी पाहिलं की पिल्लू चाचपडत असताना मादी मध्येच अंगाची पिसं किंचित फुलवते. ही झाली दाद. काही पिल्लांना त्यांच्या गाण्यानंतर लगेच, त्या त्या वेळी, पिसं फुलवणाऱ्या मादीचं चित्रीकरण दाखवलं. दुसऱ्यांना तीच चित्रफीत तितक्याच वेळा दाखवली, पण केव्हाही, गाण्याशी संबंध न ठेवता. पहिली पिल्लं वडलांसारखं गायली. दुसरी मागे पडली. दाद दोघांना सारखीच मिळाली होती. फरक एवढाच की एकाला ती जागेवर मिळाली. सम गाठल्यावर त्याच मात्रेला ‘क्या बात है’ म्हणणारा श्रोता आणि मैफल संपल्यावर चपला शोधताना ‘छान झालं हं’ म्हणणारा श्रोता, यांत हेच अंतर असतं.

मोठा झाल्यावर नर मादीपुढे गातो तेव्हा एकही सूर हलत नाही. एकटा असला की तेच गाणं किंचित सैल होतं, सूर इकडेतिकडे सरकतात. आडवाट पुन्हा थोडी जागी होते. मैफल वेगळी आणि रियाज वेगळा, हा भेद बारा ग्रॅमच्या पक्ष्यालाही कळतो. वयाच्या नव्वदाव्या दिवसाच्या आसपास गाणं ठाम होतं. त्यामागे आणखी एक यंत्रणा 2016 साली लक्षात आली: जो भाग शिकून झाला, त्या भागापुरती एचव्हीसीमधली काही पेशींची फळी गुरूच्या आवाजाला दार लावून घेते. शिकलेलं राखायचं तर ऐकणं थोडं कमी करावं लागतं. एका वयानंतर माणसं कुणाचं का ऐकत नाहीत, याला एवढं शास्त्रशुद्ध कारण असेल असं मला वाटलं नव्हतं.

मात्र सगळ्यांचं दार कायमचं लागत नाही. कॅनरी दरवर्षी गाण्यात नव्या जागा घालतो. नॉटेबोम यांना 1981 साली दिसलं की त्याचं एचव्हीसी वसंतात शरदापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठं असतं. 1983 साली त्यांनी आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी दाखवलं की मोठ्या पक्ष्याच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात. मोठ्या मेंदूत नवं काही उगवत नाही, ही समजूत तोवर दगडावरची रेघ होती. सहजासहजी कुणी मान्य केलं नाही. माणसाच्या मेंदूत असं किती होतं यावर अजून वाद आहेत. पण निवृत्तीनंतर बासरी घेऊन बसणाऱ्यांनी निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आणि चुकांवर विश्वास का ठेवावा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण 2009 सालचं. एका झेब्रा फिंचला गुरूविना वाढवलं. त्याचं गाणं अर्थातच रानटी. मग त्यालाच गुरू केलं. त्याच्या शिष्यांनी त्याचं गाणं घेतलं, पण घेताना थोडं सुधारून घेतलं. त्यांच्या शिष्यांनी आणखी. तीन-चार पिढ्यांत गाणं जातीच्या मूळ गाण्याजवळ पोहोचलं. कुणीही मूळ गाणं ऐकलेलं नव्हतं. गुरू वाईट मिळाला म्हणून विद्या बुडत नाही. शिष्य थोडेसे चुकत राहिले की ती सावरते.

विद्या बुडते ती गुरूच उरले नाहीत तर. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा देखणा पक्षी आता काही शेकड्यांवर आला आहे. पक्षी इतके विखुरले की पिल्लांना आपल्या जातीचा गाणारा भेटेना. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे बारा टक्के नर भलत्याच जातींची गाणी म्हणताना आढळले. सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात आता पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांना त्यांचं स्वतःचं गाणं शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी प्रारंभिक पास झाली. मध्यम गेला. काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. हल्ली त्यांची तक्रार तिच्या धाकट्या भावाच्या तबल्याबद्दल आहे.

एक विनंती करतो. शेजारी कुणी नवखं गात असेल, वाजवत असेल, तर फार तर आपली खिडकी लावून घ्या, पण त्याच्या दारावरची बेल वाजवू नका. आणि एखादा सूर खरोखर बरा लागलाच, तर तिथल्या तिथे, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ‘वा’ म्हणा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हटलेल्या ‘वा’चा काडीचा उपयोग होत नाही.